टाचणीवरची माशी

व्हर्लीनबाईंनी अकरा वर्षं त्या टेकडीपायी जिवाचं रान केलं होतं. अमेरिकेतल्या नेवाडातली जिप्समची पांढरीफटक टेकडी. तिथे फारसं काही तग धरत नाही. वसंतात मात्र केसाळ पानांची पिवळी पॉपी, खसखशीच्या कुळातली, फुलते आणि तिच्यावर एक इवलीशी रानटी मधमाशी येते. ही माशी दुसऱ्या फुलाकडे ढुंकूनही बघत नाही आणि ती नसली तर पॉपीला धड बी धरत नाही.

आता खाणवाल्यांना तीच टेकडी हवी होती. बाईंनी हरकत घेतली. सुनावणीच्या साहेबांनी सांगितलं, माशी तिथे आहे हे सिद्ध करा, टेकडीला हात लागणार नाही. पण फोटो चालणार नाही. जात ओळखायला माशी टाचणीला टोचून आणा. जिवंत आहे म्हणून सांगायला मेलेली दाखवायची, असला हा सरकारी न्याय. बाईंचा पुतण्या रॉइस त्याच खाणीत ट्रक चालवायचा.

"काकू, तुझी माशी आणि तो दंतकथेतला केसाळ बिगफूट," तो म्हणाला, "दोघंही फक्त एकट्या माणसाला दिसतात."

बाई चार आठवडे उन्हात बसल्या. चेहऱ्याची सालं निघाली. अखेर एक मादी आली, पाय परागानं माखलेले, म्हणजे जवळच मातीत पिल्लांसाठी बीळ भरणं चाललं होतं. दुसरी दिसेपर्यंत हिला हात लावायचा नाही, असं बाईंनी ठरवलं. दोन दिवस हीच येत राहिली. तिसऱ्या दिवशी पुराव्याची मुदत संपत होती. त्यांनी जाळी टाकली, तिला विषाच्या बाटलीत घातलं आणि त्या झाकण घट्ट धरून रडल्या.

तज्ज्ञांचं पत्र आलं: तीच माशी. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

सुनावणीत साहेबांनी भिंगातून ती नीट पाहिली. मग विचारलं, हिच्यानंतर किती दिसल्या? फुलोरा सरेपर्यंत बाई आणि खाणीची तीन माणसं टेकडीवर पाळत ठेवून होती. खोटं बोलणं बाईंना कधी जमलंच नव्हतं.

"एकही नाही."

"मग बाई, आता वाचवायचं कुणाला?"

निकाल खाणीच्या बाजूनं लागला. रॉइस बाहेर गाडीला टेकून उभा होता.

"आमच्या बुलडोझरला वर्ष लागलं असतं, काकू. तू एका बाटलीत उरकलंस."

घर चाळीस मैलांवर होतं आणि दुसरी गाडी नव्हती. बाई त्याच्या शेजारी बसल्या.