लिडियाबाईंचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे. न्यू जर्सीतल्या एका घरात, विझलेल्या चुलीशेजारी बसते. त्या घराचं आता म्युझियम झालंय. वय विचारू नका. अमेरिका हा देश माझ्यापेक्षा धाकटा आहे!

माझ्या मालकीणबाई लिडिया. घराणं बडं, गिरण्या काय, गलबतं काय! पाहुण्यांच्या चहाचा मान माझा, त्यामुळे मीही तोऱ्यात असे. पुढे इंग्लंडच्या राजाने चहावर कर लादला आणि कित्येक बायकांनी चहाच सोडला. लिडियाबाईंनीही सोडला. त्या माझ्यात रासबेरीचा वाळका पाला उकळू लागल्या. त्यांचे वडील मात्र राजाच्या बाजूचे. एकदा भर पाहुण्यांत त्यांच्या पेल्यात तो काढा आला आणि त्यांचा पारा असा चढला, की त्यांनी मला भिंतीवर भिरकावलं. पोटाला हा एवढा पोचा पडला. तो काढायला तांबट आला, तर बाईंनी त्याला दारातूनच परत धाडलं. म्हणाल्या, "राहू दे. मी नाही म्हटलं होतं, त्याची खूण आहे ती."

बाई गेल्या. भिंतींवर वडिलांची, भावांची चित्रं लागली. बाईंचं एकही नाही. त्यांचा म्हणून हा पोचाच उरला. मी काळी पडले, पण तो जिवापाड जपला.

गेल्या वर्षी प्रीता आली. मूळची नागपूरची, जर्सी सिटीत राहणारी, शनिवारी इथे व्हॉलंटियर. जीव लावणारी बाई हो! दिवाळीच्या आठवड्यात ती तयारीनेच आली. "अगं बाई, किती काळवंडलीस!" म्हणत चिंच-मीठ लावून लागली की मला घासायला. एक बाजू लखलखली. खरं सांगू? बरं वाटलं. मग तिने पिशवीतून लाटणं काढलं. "हा पोचाही आतून काढून टाकू." बाईंची एवढीच खूण, तीही जाणार! पण मी ओरडणार कशी?

"मॉम, स्टॉप! डोरोथी इज कमिंग!" प्रीतासोबत आलेली तिची लेक केया ओरडली.

डोरोथीबाई म्युझियमच्या प्रमुख. माझी चकचकीत बाजू बघून त्यांनी मला झटकन आपल्याकडे ओढून घेतलं. जुन्या वस्तूचा काळेपणा इथे घासत नाहीत. मग रागारागातच त्यांनी पोच्याची गोष्ट सांगितली. ती या घरात तोंडोतोंडी चालत आलेली. प्रीताने लाटणं पिशवीत परत ठेवलं.

"सॉरी," ती रडवेली होऊन म्हणाली. "आमच्याकडे सणाला भांडी घासतात. वाटलं, हिचाही सण व्हावा."

डोरोथीबाईंचा राग तिथेच निवळला. "मग ही गोष्ट आता तूच लोकांना सांग," त्या म्हणाल्या.

आता मी अर्धी काळी, अर्धी लखलखीत. पूर्वी माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे; आता प्रत्येक पोर थबकतं, "असं का?" विचारतं. प्रीता आधी स्वतःची फजिती सांगते, मग बाईंची गोष्ट.

मित्रांनो, आम्हा जुन्यांवर माया जरूर करा. पण चिंच हातात घेण्याआधी एकदा विचारा, हा पोचा कुणाचा? परवा एका चिमुरडीने माझ्या पोच्यावर तळवा ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "लिडिया!" किती वर्षांनी या घरात बाईंना कुणी हाक मारली!