चौथं ॲप

तिसरं ॲपही काढून टाकून चष्मेवाल्याने चौथं घेतलं. लेकीला कुराण शिकवणारं, फुकट आणि मुलांच्या कलाने घेणारं, एवढंच त्याला हवं होतं. पण पहिल्यात आयत, म्हणजे कुराणातली ओळ, अर्ध्यावर आली की जाहिरात नाचायला लागे, दुसरं तीन धड्यांनंतर पैसे मागे आणि तिसरं मध्येच बंद पडे. हे मात्र बरं निघालं. वाचलेलं ऐकून ते अक्षर रंगवी, बरोबर असेल तर हिरवं, चुकलं तर लाल.

"बाबा, परत लाल!" आठ वर्षांची लेक रडकुंडीला आली.

"घशातून काढ आवाज."

"कसा? तुम्ही म्हणून दाखवा ना."

त्याने म्हणून दाखवलं. लाल. खाकरून पुन्हा म्हटलं. लालच. लेक खुदकन हसली.

"आजोबा गळ्याला बोट लावून दाखवायचे."

त्याने खिशातलं चष्मे पुसायचं फडकं काढून उगाच फोनचा पडदा पुसला. गेल्या महिन्यापर्यंत आजोबाच तिला शिकवत. चाळीस वर्षं गल्लीतली पोरं त्यांच्याच हाताखालून गेली होती. पण पुढचे दात पडल्यापासून काही अक्षरं फसफसायला लागली, आणि एकदा पाहुण्यांदेखत तो बोलून गेला, "अब्बा, राहू द्या आता. चुकीचं शिकेल पोरगी." ते नुसतं "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून नेमके तिच्या धड्याच्या वेळेला फिरायला जाऊ लागले.

आज ते परतले तेव्हा तो दारातच उभा होता.

"अब्बा, उद्यापासून तुम्हीच घ्या तिला. हे नुसतं चूक दाखवतं, कसं म्हणायचं ते सांगत नाही."

"नको रे." ते वाकून चप्पल काढत राहिले. "तू बोललास त्यात खोटं काय होतं? वाटेत एकटाच म्हणून बघतो रोज. नाही जमत."

"मला तसं म्हणायचं नव्हतं, अब्बा."

"दाखव बरं तुझं ते."

त्यांनी एक शब्द म्हटला. पहिलं अक्षर हिरवं झालं, दुसरं लाल. त्यांनी फोन जवळ घेऊन ते लाल अक्षर निरखलं.

"कान तिखट आहेत याचे," ते म्हणाले. "मला पहिल्यापासून लावून दे. सुधारलं, तर घेईन तिला."

चष्मेवाल्याने नवं खातं उघडलं, वडिलांचं नाव घातलं. विद्यार्थ्याचं वय निवडा, असं आलं. यादी चारपासून सुरू होऊन बारावर संपत होती.

"काय विचारतंय?"

"काही नाही, अब्बा," तो म्हणाला आणि त्याने बारावर बोट ठेवलं.