धुऱ्यावरची धुई

चित्र घाईत होत नाई, हे काकाले कोन सांगावं! आभाळाचा पातळ निळा सुकू द्यायचा, मंग त्यावर लांबच्या टेकडीचा फिका थर, मंग सकाळची धुई, धुक्याचा पांढरा पडदा, अन् सगळ्यात शेवटी समोरची पिवळी तूर.

मंगरूळपीरच्या रस्त्याले लागून आमचं वावर. पलीकडं उत्तमराव काकाचं. मधात मातीचा धुरा, दोन वावरांमधला बांध. बाबा गेल्यापासून काका दरसाल नांगराची एक रेघ आमच्याकडं सरकून धुरा कोरून राह्यला होता, अन् आमीच चोर म्हनून गावभर सांगे.

बाजूलेच हर्षल, माहा भाऊ, गोळा फेकत होता. पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलं होतं. आईचा सारा जीव त्याच्या उजव्या हातात अडकला होता. गोळा पडला का थो टेप लावून मोजे. मी ब्रश समोर धरून, एक डोळा मिटून, टेकडीच्या मानानं तूर केवढी दिसते ते पाहून राह्यली होती.

"मोजनी करून राह्यले काय बे माह्या धुऱ्याची?" काका कुऱ्हाड घेऊनच आला.

"चित्र काढतो मी, काका. धुऱ्याचं काय करू?"

"मले येडा समजतं? थो टेप लावते, तू नेम धरतं!"

त्यानं कुऱ्हाड चित्रावर उगारली. "काका, नोको!" म्हनत हर्षल मधात घुसला. हात आडवा केला त्यानं. उजवा.

खच्चकन आवाज झाला. बोटं तुरीत पडली. बाप्पा रे, थे रक्त!

माह्या अंगाची आग झाली. रंग खरवडायचं पातं मी काकाच्या गालात खुपसलं अन् खाली ओढलं. थो बोंबलला. मी आनखी मारलं. वाईट वाटलं नाई, आजही वाटत नाई.

काका गाल दाबून खाली बसला. समोर चित्राची फळी पडली होती, रक्ताचे शिंतोडे उडालेली. थो पाहतच राह्यला.

"यात धुरा कुठी हाये, पोरी?"

"नाई काढला. धुईत दिसतच नव्हता थो, मेल्या!"

ओढनीनं हर्षलचा हात करकचून बांधला, फटफटी काढली. थो मांगं बसला, माह्या खांद्यावर डोकं टेकून.

"राधे, डाव्या हातानं गोळा फेकू देतेत काय वं?"

मी गाडी वाशीमच्या दवाखान्याकडं दामटली.