पुढच्या कडेवरची खाच

चार वाजता वहिनीची परीक्षा होती, आणि सव्वा वाजल्यापासून मामाचा जुना लॅपटॉप धाकटीला, म्हणजे तिच्या नणंदेला, एकच गोष्ट परत परत सांगत होता, की आसपास कुठलंही नेटवर्क नाही. शेजारी पडलेल्या तिच्या फोनला घरचं नेटवर्क भरभरून मिळत होतं. राउटर खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात होता, दुकान आणि घर मिळून एक. त्याचं सेटिंग धाकटीनेच करून दिलं होतं, पासवर्ड तिला झोपेतसुद्धा सांगता आला असता. पण लॅपटॉप पासवर्ड विचारण्यापर्यंत येतच नव्हता.

वहिनी नऊ वर्षं दहा महिन्यांपूर्वीपर्यंत नर्स होती. जुळ्या मुली झाल्या, पाठोपाठ सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि नोकरी सुटली ती सुटलीच. दहा वर्षांचा खंड पडला की पूर्ण प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं, असा नियम होता. त्याआधी एक परीक्षा दिली तर नोंदणी परत मिळत होती. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, म्हणजे वहिनीसाठी नाहीच. आजची परीक्षा घरून द्यायची होती, बंद खोलीत, एकटीने, आणि कॅमेरा असलेल्या कॉम्प्युटरवर. फोन चालणार नव्हता.

धाकटीचा स्वतःचा लॅपटॉप गेल्या आठवड्यात दुरुस्तीला गेला तो अजून आला नव्हता. मामाचा लॅपटॉप सुरू व्हायलाच वीस मिनिटं घ्यायचा. "तो माझ्याकडे दे, विंडोज काढून लिनक्स टाकते, पळायला लागेल," असं धाकटीने भौतिकशास्त्राच्या पदवीला शोभेल अशा ऐटीत सांगितलं होतं, आणि काल दुपारी त्यातलं होतं नव्हतं ते सगळं पुसून लिनक्स टाकलंही होतं. शेवटी मशीनला नाव विचारलं तेव्हा तिने 'म्हातारा' असं टाकलं.

"हे मला की त्याला?" मामाने विचारलं होतं.

"दोघांत विभागून घ्या."

लॅपटॉप खरोखरच पळायला लागला. चाळीस सेकंदांत सुरू. त्या आनंदात वायरलेस तपासायचं तिने आजवर ढकललं, आणि आता त्याच एका गोष्टीने तिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

दोन वाजेपर्यंत तिने फोनवर पंधरा-वीस जणांचे सल्ले वाचले. सगळे एकच सांगत होते, की जुन्या वायरलेस चिपला तिचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारी छोटी फाइल, लागतं, ते इंटरनेटवरून उतरवून घ्या. इंटरनेट मिळवायला इंटरनेट पाहिजे. तिने ते फोनवर उतरवलं. फोनवरून लॅपटॉपवर आणायला केबल जोडली, तर लॅपटॉपला फोन दिसेना, फक्त फोन चार्ज व्हायला लागला. ड्रॉवरमधल्या तिन्ही केबली तशाच निघाल्या. त्यांतून वीज जाईल, बाकी काही जाणार नाही. फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला द्यायचा मार्गही त्यामुळे बंद झाला. राउटरला थेट वायर लावावी तर दुकानाला कुलूप, आणि शिंपी किल्ली घेऊन दिवसभरासाठी गावाला.

"दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप?" वहिनीने दारातून विचारलं. तिने वेणी घट्ट घातली होती आणि ओळखपत्र आत्तापासूनच टेबलावर काढून ठेवलं होतं.

"दादा बघतोय ना."

दादाने कामावरून तिघांना फोन केले होते. एकाचा ऑफिसात, एकाचा बिघडलेला, तिसरा फोन उचलत नव्हता.

शेवटी मामा खालच्या फळीवर चढून कपाटावरची जुनी पेटी धुंडाळू लागला आणि तिथून एक पेन ड्राइव्ह निघाला. फर्मवेअर फोनवरून त्यावर घेता येईना, कारण फोनला त्याचं टोक बसत नव्हतं. मग धाकटी धावत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली, त्याच्या मशीनवरून फाइल घेतली, धावत आली, घातली, लॅपटॉप बंद करून सुरू केला. पावणेतीन झाले होते.

नेटवर्क नाही.

"अगं, पाणी तरी पी," वहिनी म्हणाली.

"तू अभ्यास कर वहिनी. माझ्याकडे नको बघूस."

"अभ्यास काय आता. जे आहे ते आहे."

मामा घड्याळं दुरुस्त करायचा, चाळीस वर्षं. दुकान बंद केलं तरी हत्यारांचं पाकीट खिशात असायचंच, आणि घरात काहीही खुळखुळलं की तो अस्वस्थ व्हायचा. कपाटाच्या मुठी, पंख्याचा नॉब, चष्म्यांचे स्क्रू, सगळं त्याने कधी ना कधी पक्कं बसवलेलं होतं. तो खुर्ची ओढून धाकटीच्या मागे बसला.

"संशोधक, एक विचारू? बंद घड्याळ आलं की मी आधी चावी दिलीय का बघतो. उघडायचं नंतर."

"याला चावी नसते मामा."

"बरं."

पण ते बोलणं तिला लागलं. प्रयोग चुकला की आधी आपण काय गृहीत धरलंय ते लिहून काढायचं, हे तिला तीन वर्षं शिकवलं होतं. तिने गृहीत धरलं होतं, की चिपला फर्मवेअर मिळत नाही. ते तपासलं होतं का? नव्हतं. तिने यंत्राच्या नोंदी उघडल्या. चिप ओळखली गेली होती. फर्मवेअर कालपासूनच चढलेलं होतं. दोन तास ती जे औषध शोधत होती, तो आजारच नव्हता.

तिने आणखी एक आज्ञा टाइप केली, वायरलेस कुणी अडवून ठेवलंय का ते विचारणारी. उत्तरात दोन ओळी आल्या. सॉफ्टवेअरने अडवलंय: नाही. हार्डवेअरने अडवलंय: हो.

"हे काय?" वहिनी आता मागे येऊन उभी होती.

"म्हणजे आतून कुणी अडवलेलं नाही. बाहेरून अडवलंय. हाताने."

"म्हणजे बटण."

"बटण असतं काही लॅपटॉपना. याला नाहीये, मी सगळ्या कीज बघितल्या."

वहिनीने दोन्ही हात लॅपटॉपच्या कडांवरून फिरवले, रुग्णाच्या बरगड्या चाचपाव्यात तसे. डावी कड, मागची, उजवी. पुढच्या कडेवर, तळव्याच्या खाली, तिची बोटं थांबली.

"इथे खाच आहे. आत काहीतरी भरलंय."

धाकटीने लॅपटॉप उचलून उजेडात धरला. नखाएवढी लांब खाच, आणि तिच्यात पिवळसर, काचेसारखं कडक झालेलं काहीतरी. शेजारी अँटेनाचं बारीकसं चित्र. ते इतकं झिजलेलं होतं की माहीत असल्याशिवाय दिसलं नसतं.

मामाने भिंग डोळ्याला लावलं, बघितलं, आणि भिंग काढून ठेवलं.

"मामा?"

"ते हलायचं," तो म्हणाला. "उचलला की खुळखुळ वाजायचं. मला वाटलं सैल झालंय. मी चांगला दोन भागांचा गोंद घालून बसवलं."

"कधी?"

"पाच-सहा वर्षं झाली. नंतर खुळखुळलं नाही कधी."

"इंटरनेट चाललं का नंतर?"

"मी पत्ते खेळतो त्यावर. मला कुठे लागतं इंटरनेट."

धाकटीला एकदम हसू आलं आणि ते रडण्याच्या इतकं जवळ होतं की तिने तोंड फिरवलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मामा मग कामाला लागला. वहिनीचं नेलपॉलिश काढायचं औषध मागून घेतलं, सुईने थेंब थेंब खाचेत सोडलं, वाट पाहिली, खरवडलं, पुन्हा सोडलं. गोंद खपल्या खपल्या निघू लागला. धाकटीला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ती टॉर्च धरून उभी राहिली. तोही मामाने दोनदा "इकडे घे, इकडे" म्हणत सरळ करायला लावला. वहिनी पलंगावर हात मांडीवर ठेवून बसली होती.

साडेतीनला बटण सुटलं. म्हणजे बटणाचं प्लास्टिक मामाच्या चिमट्यात आलं आणि आत उरली फक्त दीड मिलिमीटरची एक दांडी. मामाने घड्याळातला मळ काढायची लाकडी काडी घेतली आणि दांडी हलक्या हाताने उजवीकडे सरकवली.

पडद्याच्या कोपऱ्यात नेटवर्कची यादी उघडली. शिंप्याचा राउटर सर्वांत वर.

"आलं," धाकटी म्हणाली. तिने पासवर्ड टाकला. जोडलं गेलं. मामाने काडी उचलली, दांडी आपोआप डावीकडे आली, यादी गेली.

"आतली पकड झिजलीय. दांडीला धरून ठेवणारं काही राहिलं नाही."

टेप लावून बघितली, ओल्या खाचेवर चिकटेना. दातकोरणीचा तुकडा खोचला, तो मिनिटभर टिकला आणि घरंगळला. "मला अर्धा तास दे, नीट पाचर करतो," मामा म्हणाला. अर्धा तास नव्हता. पावणेचारला आत जायचं होतं, ओळखपत्र दाखवायचं होतं, कॅमेरा फिरवून खोली रिकामी असल्याचं दाखवायचं होतं. आणि जोडणी तीनदा तुटली तर चालणार होतं, चौथ्यांदा पेपर बंद.

"मी धरते," वहिनी म्हणाली.

"दोन तास?"

"एका माणसाची नस मी चाळीस मिनिटं दाबून धरली होती, डॉक्टर येईपर्यंत. तो हलत होता वर. हे निदान हलत नाही." तिने मामाच्या हातातून काडी घेतली, डाव्या अंगठ्याखाली धरून खाचेत टेकवली आणि दाबली. "मामा, अशीच ना?"

"थोडी तिरकी. हां. सूनबाई, दाबू नका, नुसती टेकवून ठेवा. दाबलंत तर थकाल."

"दार लावून घ्या," वहिनी म्हणाली.

दार लागलं. त्यानंतर धाकटीने ठोठावलं असतं, तरी आतल्या कॅमेऱ्याला दुसरं माणूस असल्याचा आवाज गेला असता आणि परीक्षा रद्द झाली असती. मामा आणि ती बाहेरच्या खोलीत बसले. तिला एवढंच सुचलं, की फोनवर राउटरचं पान उघडावं. तिथे जोडलेल्या यंत्रांची यादी दिसायची. शिंप्याचा टीव्ही. धाकटीचा फोन. म्हातारा.

चार वाजले. म्हातारा यादीत होता.

चार बाराला तो गेला. अकरा सेकंदांनी परत आला.

"एक," ती कुजबुजली.

मामा मान वर न करता काम करत होता. जुन्या घड्याळाच्या पट्ट्याचं चामडं त्याने कातरलं होतं आणि ब्लेडने त्याची कड तासत होता, तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्याची. मधूनच प्लास्टिकच्या तुटक्या बटणाशी माप लावून बघायचा. वीस मिनिटांत पाचर तयार झाली. त्याने ती तळहातावर धरली.

"ही बसेल," तो म्हणाला. "खात्रीने बसेल."

दोघांनी बंद दाराकडे बघितलं. पलीकडे चार पावलांवर वहिनी होती.

"आत नाही जाता येणार मामा."

"माहितेय मला."

तरी त्याने मूठ मिटली नाही. हात तसाच उघडा मांडीवर ठेवून बसला, वारा लागून तुकडा उडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून.

चार बावन्नला दुसऱ्यांदा. पाच एकोणीसला तिसऱ्यांदा, आणि या वेळी परत यायला पस्तीस सेकंद लागले. पस्तीस सेकंदांत धाकटीने पुसून टाकलेला जुना लॅपटॉप, न वाचलेल्या नोंदी, दोन तासांची धावपळ, सगळ्याचा हिशेब स्वतःपाशी मांडला आणि तो कुठल्याही बाजूने जमेना. कालच यादी बघितली असती तर आज सकाळभर वेळ होता. मामाकडे बघायची तिला हिंमत झाली नाही, कारण तोही तिच्याकडे बघत नव्हता.

पाच एकोणपन्नासला म्हातारा चौथ्यांदा गेला.

दहा सेकंद. तीस. मिनिट. नाव परत आलं नाही. मामाने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. सहा वाजेपर्यंतची अकरा मिनिटं दोघं नुसती बसून राहिली. आतून खुर्चीचा आवाजसुद्धा येत नव्हता.

सहा वाजता दार उघडलं. वहिनी डावा हात उजव्या हातात धरून उभी होती. अंगठ्यात काडीचा खोल वळ उमटला होता आणि बोटं अजून तशीच आखडलेली होती.

"पेपर बंद झाला का गं?" धाकटीने विचारलं.

"नाही. मीच दिला. 'पेपर मिळाला' म्हणून हिरव्या अक्षरांत आलं, मग हात सोडला."

"मग अकरा मिनिटं आत काय करत होतीस?"

"सहापर्यंत जागेवरून उठायचं नाही, असं लिहिलंय नियमांत. कॅमेरा चालू असेल-नसेल, मला काय कळतंय." ती पलंगाच्या कडेवर बसली. "सहा प्रश्न राहिले. येत होते. पण अंगठा गेला, आता सुटणार असं वाटायला लागलं. चौथ्यांदा तुटून सगळंच जाण्यापेक्षा आहे तेवढं दिलं."

"सहाच ना," धाकटी म्हणाली.

"सहा. कितीला पास करतात ते तीन आठवड्यांनी कळेल."

धाकटी खाली बसली आणि वहिनीचा अंगठा चोळू लागली. त्याने काही होणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

मामा उठून आत गेला. भिंग लावलं, लॅपटॉप उलटा केला, चिमट्याने चामड्याचा तुकडा खाचेत ठेवला आणि नखाने एकदाच दाबला. मग लॅपटॉप उचलून कानाशी हलवून बघितला. काही खुळखुळलं नाही.

धाकटीच्या फोनवर यादीत म्हातारा आला. ती बराच वेळ बघत राहिली. तो गेला नाही.