डाव्या पायाला काम नाही

"काका, डावा पाय मागे घ्या. या गाडीत त्याला काही काम नाही," धाकटे साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

आमच्या ह्यांनी पाय मागे घेतला. मी मागच्या सीटवर, शेजारी साहेबांची आई. या घरचा स्वयंपाक माझ्याकडे आणि आईंना सांभाळणंही माझ्याकडेच. आज ही नवी छोटी एसयूव्ही नीट चालवली तर ह्यांची नोकरी राहणार होती, आणि नोकरी राहिली तरच गॅरेजवरची आमची खोली. थोरले साहेब, म्हणजे ह्या साहेबांचे वडील, गेल्यापासून त्यांची टप उघडणारी जुनी मोटार नुसतीच उभी होती. ती चालवण्यात ह्यांचा अर्धा जन्म गेला.

"तुमची म्हातारी ढसाढसा पेट्रोल पिते, वर गळते. हिला एसी आहे, मागे कॅमेरा आहे, गिअर टाकायची कटकट नाही. आता सांगा, कोण बरी?"

"ही सोयीची आहे, साहेब. पण ती टप उघडून निघाली की माणसं थांबून बघायची. हिच्याकडे कोण बघतंय?"

झालं, घेतला पायावर धोंडा मारून. कुठे गप्प बसावं हे ह्यांना कधी कळलंच नाही.

चौकात एक सायकलवाला आडवा आला. ह्यांचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला धावला. या गाडीत क्लच कुठला? पाय पडला ब्रेकवर, तोही सगळ्या ताकदीनिशी. गाडी जागीच थांबली. आई पट्टा टोचतो म्हणून बांधत नसत. त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि टेंगूळ आलं.

"उतरा," साहेब म्हणाले.

"अरे, त्याने मुद्दाम थोडंच केलं?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

ह्यांना काढलं मात्र नाही. माझा जीव भांड्यात पडला, इतकी मी खुळी. साहेबांनी नवं हॉटेल काढलं होतं. जुन्या मोटारीचं इंजिन काढून विकलं, तिला लाल रंग दिला आणि हॉटेलच्या दारात उभी केली. ह्यांना सोनेरी बटणांचा कोट आणि टोपी मिळाली.

"आता नुसतं बसायचं, काका. गिऱ्हाइकांबरोबर फोटो काढायचे. इथे कुणाला टेंगूळ यायची भीती नाही."

काल मी डबा घेऊन गेले, तेव्हा ह्यांच्या शेजारी एक बाई नटूनथटून बसली होती. समोर तिचा नवरा मोबाईल धरून.

"काका, चालवल्यासारखं करा ना," ती म्हणाली.

ह्यांनी आरसा नीट केला. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि पाय अगदी हळू सोडला, थोरल्या साहेबांना झोप लागलेली असली की सोडायचे तसा. मला रडू आलं.

"अहो काका, खाली काय बघताय? पाय फोटोत येत नाहीत," नवरा म्हणाला. "इकडे बघून हसा."

ह्यांनी डावा पाय मागे घेतला आणि हसले.