बर्ट क्लेगच्या उजव्या पायाचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, फुटबॉलचा, उजव्या पायाचा. बर्ट क्लेगचं नाव घेतल्याशिवाय मला माझी ओळख सांगता येत नाही.

लँकेशायरमधल्या आमच्या गिरणगावात एका चांभाराने मला जाड कातड्यातून शिवलं. मी इतका टणक होतो, की बर्ट मला घालून दोन तास गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला, तेव्हा कुठे मी त्याच्या पायाला नीट बसलो. चार हंगाम तो आघाडीवर खेळला. शनिवारी दुपारी गिरण्या सुटल्या की सारं गाव मैदानात लोटायचं. एका हंगामात तर आम्ही एकतीस गोल केले. मला वाटायचं, मीच करतो. बुटालाही गर्व होतो, मित्रांनो.

मग एका सामन्यात बर्टचा उजवा गुडघा पिरगळला. खेळाडूंची निगा राखणारे म्हातारे टर्नबुल म्हणाले, "महिनाभर चेंडूचं नाव काढू नकोस." पण चषकाचा सामना नऊ दिवसांवर होता आणि पुढच्या हंगामाला कोणाला ठेवायचं, ते क्लबचे संचालक त्यानंतर ठरवणार होते. नाही ठेवलं तर पुन्हा सूतगिरणी. तिथे दिवसभर यंत्राच्या मागेपुढे अनवाणी चालावं लागतं. लंगड्याला कोण उभं करणार?

सामन्याच्या सकाळी बर्टने टर्नबुलसमोर उड्या मारून दाखवल्या.

"बघा म्हातारबा, घोडा झालोय घोडा!"

"मग लेका, घाम का फुटलाय?"

"तुमचं तोंड बघून!"

त्याचा सगळा भार डाव्या बुटावर होता, हे मला ठाऊक होतं. पण बुटाचं कोण ऐकतं?

विसाव्या मिनिटाला गुडघा गेला. आमच्या खेळात बदली गडी नसे. जायबंदी माणसाला मैदानाच्या कडेला उभं करत, म्हणजे निदान समोरचा एक जण त्याच्यापाशी अडकून पडे. बर्ट तासभर तिथे लंगडत राहिला. शेवटी शेवटी चेंडू घरंगळत नेमका माझ्यापुढे आला. वीस हजार माणसं ओरडली, "हाण, बर्ट!" त्याने हाणला. गोल झाला, आणि त्याच्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. लोकांनी खांद्यावर घेतलं तेव्हा तो रडत होता. त्यांना वाटलं, आनंदाने.

संचालकांच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. मला मात्र कोपऱ्यावरच्या पबच्या मालकाने मागून नेलं. आता मी काचेच्या कपाटात असतो. मला रोज चरबी चोळतात.

परवा बर्टची बायको एडिथ तिथे आली. "बुटाला बरी रोज मालिश करता," ती म्हणाली. "माझा माणूस सहा महिने खुर्चीत बसून आहे. पाय कसाय, म्हणून विचारलंत कुणी?"

सगळे आपापल्या पेल्यात बघू लागले. "गोल मात्र झकास होता हं, वहिनी," एकजण पुटपुटला.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू नेहमी विनवतो, की आम्हाला जपा. मला पुष्कळ जपलंय. तुम्ही बर्टकडे जा. गल्लीच्या टोकाचं घर आहे त्याचं. दार ढकललं की उघडतं; उठून कडी काढणं त्याला जमत नाही.