न गाता उपसलेलं पाणी

आमच्यात झिरा उपसताना माणूस गप्प राहत नाही. माझा नवरा लेटोये कोरड्या नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याच्या खड्ड्यात उभा राहून गात गात डबा वर देतो, मी तो लाकडी डोणीत ओतते. गळा अगदी फुटक्या मडक्यासारखा, पण आमच्या गाई त्याच आवाजावर येतात. गाईंना कोण शहाणपण शिकवणार!

त्या दिवशी गुरं पिऊन घरी वळली, तेव्हा पलीकडच्या काठावर ती पुन्हा दिसली. बारीक पट्ट्यांची, मोठ्या गोल कानांची झेब्र्याची मादी. या जातीचे आता उरलेत तरी किती! शिंगरू झुडपात ठेवून ती कालपासून पाण्यासाठी घुटमळत होती, आणि नदीतला एकूण एक झिरा आम्हीच काट्यांनी झाकलेला. तिची कास सुकली होती. दूध नसेल तर पिल्लू उभं राहणार नाही, आणि तरस काही उपाशी बसत नाही.

"अहो नाइसुलाचे बाबा, पुन्हा उतरा खाली."

"माझी कंबर काय तुझ्या माहेरची आहे?" कुरकुरत उतरला बिचारा.

पहिला डबा वर आला, त्याच्यामागून गाणंही. मादी उधळली ती पार बाभळींपर्यंत.

"गप्प बसा ना! ती काय तुमची गाय आहे?"

"अगं, न गाता उपसलं तर झिरा रुसतो, माझा बाप सांगायचा. उद्या आपल्या गाई काय पितील?"

"झिऱ्याची समजूत मी काढीन. त्या शिंगराची कोण काढणार?"

तो मुकाट्याने डबे देऊ लागला. ठेका नसल्यामुळे अर्धं पाणी त्याच्याच डोक्यावर सांडत होतं. डोण भरल्यावर मीही खड्ड्याच्या पायरीवर उतरून दडून बसले.

बऱ्याच वेळाने वाळूत पावलं वाजली. मग पिण्याचा आवाज. डोण बघता बघता संपली आणि ती कोरडं लाकूड चाटू लागली. एवढ्याने कास भरणार नव्हती. मी डोकं वर काढलं असतं तर ती पळाली असती, आणि या वेळी परत आली नसती. काय करावं कळेना.

खालून लेटोयेने भरलेला डबा माझ्या हातात ठेवला.

मी हळूच उठून ओतलं. तिचं नाक माझ्या मनगटापासून वीतभर दूर होतं. ती थरथरत होती, नखशिखांत, पण हलली नाही. तशीच थरथरत पीत राहिली. मला रडू फुटलं, तेही तोंडात पदर कोंबून.

लेटोयेने पुढचा डबा वर दिला.